चढणीचे मासे आणि आमचा ओढा

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला, की आमच्या तामलवाडीत पूर्वी दोन प्रकारची धांदल उडे. मोठ्यांची धांदल पेरणीची. पाभर, बी-बियाणे, बैल यांची. आम्हा पोरांची धांदल ओढ्याची. रात्रभर पाऊस पडलेला असे, सकाळी ओढा तांबड्या पाण्याने भरून चाललेला असे आणि खालच्या अंगाने, पाण्याच्या उलट, मासे वर चढत येत. कुणी बोटाएवढे, कुणी वितीएवढे. खडकाच्या पायरीवरून जिथे पाणी पडे तिथे ते उड्या मारीत. एकदा पडत, दोनदा पडत, तिसऱ्यांदा वर जात. आम्ही धोतराचा फाटका तुकडा घेऊन उभेच असू. पण आजीचा दम असे. ती म्हणे, "पोटुशी हाईत ती. म्हायाराला चालल्यात. त्यांना धरू नगा."

आजी माळकरी नव्हती. एरवी मासा घरी आला तर ती आवडीने कालवण करी. पण मृग ते श्रावण एवढ्या काळात ओढ्यातला मासा तिने कधी चुलीवर चढू दिला नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नातवाला घेऊन मी त्याच ओढ्यावर गेलो. पाणी भरपूर होते. पूर्वी होते त्यापेक्षा जास्तच होते म्हणा ना. तासभर काठावर उभे राहिलो. एकही मासा चढला नाही. पोरगा कंटाळला आणि म्हणाला, "आजोबा, मासे येणार कुठनं? वर जायला वाटच कुठाय?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते आणि म्हणूनच ते देता आले नाही. ती वाट बुजवणाऱ्यांत मीही एक होतो.

ओढा होता तसा

तामलवाडी म्हणजे सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरचे गाव. ज्यांनी तुळजाभवानीच्या दर्शनाला या वाटेने प्रवास केला आहे त्यांना टोलनाक्यामुळे ते आता माहीत झाले आहे. त्याआधी ते कोजागरीच्या सुमाराला सोलापूरहून पायी तुळजापूरला जाणाऱ्या भाविकांना माहीत होते. बालाघाटाचा डोंगर तुळजापूरपाशी संपतो, घाट उतरला की सोलापूरपर्यंत सखल माळरान लागते. त्या उतारावर आमचे गाव. जिल्ह्याचे नाव आता धाराशिव; आमच्या पिढीच्या तोंडी अजून उस्मानाबादच येते. पाऊस बेभरवशाचा. चार वर्षांत एक वर्ष बरे गेले तर देवीची कृपा मानायची.

अशा मुलखात माशांची गोष्ट सांगणे म्हणजे वाळवंटात होडीची गोष्ट सांगण्यासारखे वाटेल. पण आमचा ओढा कोरडा पडे तेव्हाही मेलेला नसे. त्याला एक रचना होती. थोडे अंतर खडकाळ उथळ पाणी, खळाळत जाणारे; मग वळण; वळणाच्या बाहेरच्या अंगाला खोल डोह; पुन्हा खळाळ, पुन्हा वळण, पुन्हा डोह. शाळेत भूगोल शिकवायला लागल्यावर पुस्तकांत वाचले की जगभरच्या लहानमोठ्या प्रवाहांची हीच चाल असते. पात्राची जेवढी रुंदी, तिच्या साधारण पाच ते सात पट अंतरावर डोहामागून डोह येतो. आमच्या ओढ्याने हे पुस्तक वाचलेले नव्हते, तरी तो त्याप्रमाणे वागत होता.

खळाळात पाण्यात हवा मिसळते. गोट्यांच्या खाली किडे वाढतात, त्यावर मासे जगतात. डोहात पाणी थंड राहते. काठावर करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज होते, त्यांची सावली दुपारी पाण्यावर पडे. मार्च-एप्रिलमध्ये वाहते पाणी थांबले की उरलेसुरले मासे त्या दोन-तीन डोहांत गोळा होत. मरळ, वाम, बारीक मुऱ्या, पोटाला चंदेरी असणारे लहान मासे. आम्ही धरू धरू म्हणूनही ते सगळे धरले जात नसत, कारण डोहाच्या बुडाशी कपारी होत्या.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. वडील खडी फोडायच्या कामावर जात, घरी सुकडी आणि मिलोची भाकरी. त्या वर्षी डोह आटला. तळाला चिखल राहिला. सगळ्यांना वाटले, संपले. मरळ मात्र हवेतून श्वास घेऊ शकते; ओल्या चिखलात ती बराच काळ तग धरते. पुढच्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि त्याच डोहात मरळीची पिले दिसली. वडील म्हणाले, "बी राहिलं होतं." शेतकऱ्याच्या घरात याहून मोठा दिलासा दुसरा नसतो. कणगी रिकामी झाली तरी चालते, बियाणे मोडून खायचे नसते. डोह म्हणजे ओढ्याचे बियाणे होते.

आठ दिवसांत सरळ

ते बियाणे आम्ही २०१६ च्या उन्हाळ्यात मोडून खाल्ले.

तो उन्हाळा मराठवाड्यात कुणी विसरणार नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. आमच्या गावातही टँकरच्या पुढे घागरींची रांग होती. जो तो म्हणत होता, ओढा खोल करा, रुंद करा, पाणी साठवा. गावोगाव पोकलेन चालू झाले होते. आम्हीही वर्गणी काढली. घरटी पाचशे रुपये, ज्याला जमेल त्याने जास्त. मी सेवानिवृत्त शिक्षक, त्यामुळे हिशेबाची वही माझ्याकडे आली. डिझेलचे पैसे मी माझ्या हाताने दिले, पावत्यांवर माझ्या सह्या आहेत. तेव्हा दोष कोणा कचेरीवर किंवा कंत्राटदारावर ढकलण्याची सोय मला नाही, आणि तशी इच्छाही नाही.

आठ दिवसांत गावाच्या खालचा अर्धा ओढा सरळ झाला. वळणे गेली. डोह आणि खळाळ हा भेदच उरला नाही; दोन्ही एकाच खोलीचे झाले. काठची झाडे यंत्राला आड येत होती, ती काढली. निघालेला मुरूम आणि माती दोन्ही काठांवर ढीग करून टाकली. शेवटी एक सिमेंटचा बंधारा झाला. नारळ फुटले, फोटो निघाले. पावसाळ्यात त्या चरात पाणी तुंबले तेव्हा म्हातारी माणसे काठावर उभी राहून हात जोडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आले, हे मी लपवत नाही.

आणि फायदा झाला नाही असेही नाही. माझ्या धाकट्या भावाचे शेत खालच्या अंगाला आहे. त्याच्या विहिरीला पूर्वी संक्रांतीपर्यंत पाणी असे, ते आता होळीपर्यंत पुरते. त्याने त्यावर द्राक्षाचा एक तुकडा उभा केला. ते नाकारून मी लिहू लागलो तर भाऊ मला दारात उभे करणार नाही.

पण जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात. दुसऱ्या बाजूच्या नोंदी हळूहळू होत गेल्या. काठावर टाकलेली माती दोन पावसाळ्यांत पुन्हा पात्रात आली. तळाला गुडघाभर गाळ बसला आणि पाणी जिरायचे कमी झाले. उभे कापलेले काठ काळ्या मातीचे. ते भिजले की ढासळतात. एका शेतकऱ्याचा बांध आणि बांधावरचे आंब्याचे झाड असे दोन्ही गेले. जिथे खोदकाम संपले तिथे ओढ्याला एकदम उंच पायरी तयार झाली. पाणी त्या पायरीवरून पडते आणि दर पावसाळ्यात ती पायरी वरच्या अंगाला मागे मागे खात जाते. त्या पायरीच्या लगत एका विधवा बाईची विहीर आहे. तिचे पाणी पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागले. कारण साधे आहे. शेजारी तुमच्या विहिरीहून खोल चर काढला तर जमिनीत मुरलेले पाणी आधी चराकडे धावणार. एकाच्या विहिरीला पाणी आले ते काही अंशी दुसऱ्याच्या विहिरीतले होते, हे आम्हाला खोदताना कुणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

आणि मासे गेले. ते कुणाच्या वहीत नव्हतेच, म्हणून त्यांची नोंदही झाली नाही.

पाण्याला ताप येतो

मासे गेले तर बिघडले काय, असा प्रश्न भाऊ मला विचारतो. "आण्णा, माणसाला प्यायला पाणी नाही अन् तुम्ही माशाचं घेऊन बसलाव." प्रश्न रास्त आहे. त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही.

मासा हा ओढ्याची नाडी दाखवणारा वैद्य आहे. पाणी दिसते तेवढ्यावर आपण समाधान मानतो. मासा त्या पाण्यात काय आहे ते जगून किंवा मरून सांगतो. एक साधा हिशेब पाहा. दहा अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. वीस अंशांवर तो नऊवर येतो, तीस अंशांवर साडेसातवर. पाणी तापते तसा प्राणवायू कमी होतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. सावली काढून घेतलेल्या, उथळ, तुंबलेल्या पाण्यात दुपारी काय होत असेल याची कल्पना करा. शेवाळ वाढते, ते कुजते, उरलासुरला प्राणवायू कुजण्यात खर्च होतो. पाणी आहे, पण त्यात श्वास नाही. अशा पाण्यात डास मात्र खुशाल वाढतात, हे आमच्या गावाने तापाच्या साथीत अनुभवले आहे.

थंड देशांतल्या लोकांना हे आपल्या आधी कळले, कारण त्यांचा ट्राउट नावाचा मासा फार नाजूक. इंग्रजांनी तो आपल्याकडे निलगिरीत आणि काश्मीरमध्ये आणून सोडला. वीस अंशांच्या वर पाणी गेले की तो कासावीस होतो. मादी वाहत्या पाण्यातल्या खड्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते आणि वर खडे लोटते. त्या खड्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात. म्हणजे ट्राउट जगवायचा तर काठाला सावली हवी, पाण्यात गाळ नको, खळाळ हवा, डोह हवा, आणि खालून वर जायला मोकळी वाट हवी. या पाच गोष्टींसाठी तिकडे ओढे आणि नद्या पूर्ववत करण्याचे एक शास्त्रच उभे राहिले. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९३० च्या दशकातच त्यावर काम सुरू झाले होते.

त्या लोकांनी चुका केल्या नाहीत असे नाही. पॅसिफिकच्या किनाऱ्याकडील राज्यांत एके काळी ओढ्यांत पडलेले ओंडके माशांना अडथळा होतात म्हणून ते उपसून 'सफाई' करण्यात आली. पुढे लक्षात आले की त्या ओंडक्यांमुळेच डोह होत होते. मग पैसे खर्चून तेच ओंडके पुन्हा पाण्यात टाकायची वेळ आली. फ्लोरिडातल्या किसिमी नदीची कथा तर आमच्या ओढ्याची थोरली बहीण म्हणावी अशी. १०३ मैलांची ती वळणावळणाची नदी पूर येऊ नये म्हणून १९६२ ते १९७१ या काळात सरळ करून ५६ मैलांचा कालवा करण्यात आला. पाणथळ जमिनी सुकल्या, पक्षी गेले, मासे गेले. मग कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणे परत आणण्याचे काम १९९९ मध्ये हाती घेतले, ते २०२१ मध्ये पुरे झाले. सरळ करायला नऊ वर्षे, वाकडे करायला बावीस! आणि तेही साऱ्या नदीचे नव्हे, निम्म्याहून कमी लांबीचे.

उलट वॉशिंग्टन राज्यातल्या एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ मध्ये बांधलेली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात उतरवण्यात आली. शंभर वर्षे ज्या माशांना वर जाता येत नव्हते त्या सामन माशांची जात पुन्हा धरणांच्या वरच्या अंगाला पोहोचली. माशांच्या पिढ्यांमागून पिढ्या बंद दाराशी येऊन परतल्या होत्या. दार उघडल्यावर वाट त्यांना सापडली. यात आमच्यासारख्यांना धीर देणारे बरेच काही आहे. आपल्याकडे धरणे पाडा असे मी म्हणत नाही. दुष्काळी मुलखात तसे म्हणणाऱ्याला कुणी उभे करणार नाही. परंतु वाट ठेवून बांधता येते, एवढे तरी त्यातून घ्यावे.

बीज सोडले म्हणजे झाले काय?

माशांचा विषय ग्रामपंचायतीत काढला की लगेच एक सूचना येते, "मत्स्यबीज आणून सोडू." रोहू, कटला, मृगळ आणून तळ्यात सोडतात, ते वाढतात, विकले जातात. त्यात गैर काही नाही. तो एक शेतीजोड धंदा आहे. पण तळ्यात मासे पाळणे निराळे आणि ओढा जिवंत करणे निराळे. गोठ्यात चार म्हशी बांधल्या म्हणून रान राखले असे होत नाही.

या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातलेच एक उदाहरण बोलके आहे. महाशीर हा आपल्या नद्यांचा राजा. आपल्याकडचे शास्त्रज्ञ त्याची गणना थंड पाण्याच्या माशांत करतात. त्याची संख्या घटू लागली तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून लोणावळ्याला, टाटांच्या वीज प्रकल्पाच्या तलावापाशी, १९७० च्या सुमाराला महाशीराची कृत्रिम पैदास साधली. हे काम मोठे होते आणि त्याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा असे आहे. तिथली लाखो पिले देशभरच्या पाण्यांत सोडली गेली. त्यांतली काही कावेरीतही गेली. कावेरीत तिथला स्वतःचा, पाठीला उंचवटा असलेला महाशीर होता, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. नवे मासे वाढत गेले आणि मूळचा उंचवट्याचा महाशीर दिसेनासा होत गेला. त्याला शास्त्रीय ओळख मिळाली तीच २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणे होतीच. बाहेरून आलेला भाऊबंद हे त्यांतले एक. हेतू चांगला होता, कष्ट प्रामाणिक होते, तरी कोणता मासा कोणत्या पाण्यातला हे विचारायचे राहून गेले.

आपल्या गावपातळीवर हीच गोष्ट चिलापीची. हा मासा परदेशातला, १९५२ मध्ये भारतात आणला गेला. तो कुठेही तगतो, भराभर वाढतो आणि बाकीच्यांना जागा ठेवत नाही. आमच्या बंधाऱ्यात आज काही असेल तर चिलापी आहे. त्याकडे बोट दाखवून "मासे आहेत की!" म्हणणारे आहेत. घराची माणसे जाऊन भाडेकरू राहायला आले, तर घर भरलेले दिसते खरे.

देवाचे डोह

आपल्या पूर्वजांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. रीत ठाऊक होती. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे मानतात, त्यांना कुणी धरत नाही. वाड्याकडे वैतरणेवर तिळसे येथे शंकराच्या देवळापाशी असाच डोह आहे. दोन्ही ठिकाणी महाशीर आहेत. लोक चुरमुरे टाकतात, हातहातभर मासे वर येतात, पोरे खूश होतात. पण त्या डोहाचे खरे काम पावसाळ्यात होते. तिथे राखलेले मासे पुरात वरखाली पसरतात आणि नदीच्या बाकीच्या लांबीला बीज पुरवतात. देवाच्या नावाने राखलेले ते बियाणेच.

माझ्या आजीने मृगात घातलेली बंदी हीसुद्धा त्याच रीतीतली. तिला कुणी अंडी, प्रजननकाळ असे शब्द शिकवले नव्हते. तिने त्या मासळीत माहेरवाशीण पाहिली आणि तेवढ्याने काम भागले.

आता प्रश्न वरच्या अर्ध्याचा

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की आमच्या ओढ्याचा वरचा अर्धा भाग अजून शिल्लक आहे. तीन वळणे, जुन्या करंजांची एक रांग आणि एक डोह. आता तोही खोल करावा अशी मागणी आहे आणि येत्या ग्रामसभेत तो विषय येणार आहे. मागणी करणारे वरच्या अंगाचे शेतकरी आहेत. त्यांच्यातला एक जण परवा पारावर मला म्हणाला, "गुरुजी, तुमच्या भावाच्या हिरीला पाणी आलं. आता आमच्या वाटणीला मासे आले व्हय?"

रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिले. त्याचे म्हणणे न्यायाचे आहे. डोह वाचवायचा आणि त्याची किंमत एकट्या वरच्या शेतकऱ्याने द्यायची, हे काही खरे नव्हे. म्हणून 'खोदू नका' एवढे सांगून मला थांबता येत नाही. त्याऐवजी काय, ते सांगितले पाहिजे. ग्रामसभेत मी जे मांडणार आहे ते इथे मांडतो. असेच ओढे गावोगाव आहेत, म्हणून.

पहिले म्हणजे, काम माथ्यापासून सुरू व्हावे. हिवरे बाजार असो, जालन्याजवळचे कडवंची असो, ज्या गावांचे पाणी टिकले त्यांनी आधी डोंगरउतारावर समतल चर काढले, बांधबंदिस्ती केली, घळींत अनगड दगडांचे बांध घातले आणि मग खाली आले. पाणी ओढ्यात पोहोचण्याआधी शेतात मुरले तर वरच्या विहिरींना आधी मिळते आणि ओढ्यात गाळ येत नाही. वर्गणीचा आणि योजनेचा पहिला रुपया वरच्या शेतकऱ्यांच्या शेतात जावा. तो त्यांचा हक्क आहे. ज्यांना आधी मिळाले त्यांनी, म्हणजे माझ्या भावाने आणि मी, त्यात दुप्पट वर्गणी द्यावी.

दुसरे, वरचा डोह आणि करंजांची रांग यांना यंत्र लावू नये. डोहातला साचलेला गाळ उन्हाळ्यात माणसांनी हाताने काढावा आणि शेतात पसरावा. कपारी आणि खडक जसेच्या तसे ठेवावेत. वाळू नेऊ नये. वाळू हा ओढ्याचा रांजण आहे. वरून कोरडी दिसली तरी आत पाणी धरते.

तिसरे, ती मागे खात येणारी पायरी आधी थोपवावी. तिथे मोठे दगड रचून एकदम पडणारे पाणी उतरणीने खाली आणावे. त्या उतरणीवरून मासाही चढेल आणि त्या बाईची विहीरही वाचेल. सिमेंटच्या बंधाऱ्याच्या खालच्या अंगालाही तशीच दगडी उतरण करता येते. खर्च फारसा नाही. दगड आमच्या माळावर पडलेले आहेत.

चौथे, बिघडलेला खालचा भाग हळूहळू वळणावर आणावा. उभे काठ निवळते करावेत, ढीग उचलावेत, काठावर वाळुंज, करंज, उंबर, निर्गुडी आणि पाण्यालगत वाळा लावावा. सरळ पात्रात आळीपाळीने एकदा या काठाला, एकदा त्या काठाला मोठे दगड टाकले की पाणी आपोआप नागमोडी चालू लागते आणि समोरच्या काठाशी स्वतःच खोली करते. ओढ्याला आपले काम येते. आपण फक्त त्याचा हात धरलेला सोडायचा. काम मात्र पावसाळ्याआधी आटोपावे. चढणीच्या दिवसांत पात्रात कुणी उतरू नये.

पाचवे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की नोंद ठेवावी. आपल्या योजनांत खोदकामाला पैसा असतो, उद्घाटनाला असतो; नंतर काय झाले ते पाहायला नसतो. जलयुक्त शिवार अभियानावर राज्यात ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि २०२० मध्ये महालेखापालांच्या अहवालाने सांगितले की भूजल वाढण्यावर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. अभियानाच्या समर्थकांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. खोलीकरण अशास्त्रीय होते असे सांगत अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा त्याआधीच उच्च न्यायालयात गेले होते. पुढे २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पाही सुरू झाला. खरे कोणाचे, हा वाद मी इथे मिटवू शकत नाही. पण प्रत्येक गावाने आपल्या दहा विहिरींची पातळी दर महिन्याला वहीत लिहिली असती, तर या वादाची गरजच पडली नसती. एक दोरी, एक तापमापक, एक वही. शाळेतली मुले हे काम आनंदाने करतील. दर मृगात किती मासे चढले, कोणत्या जातीचे, तेही त्याच वहीत. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावात लोकनोंदवही असायची आहेच. आमच्या ओढ्यातले मासे तिच्या पहिल्या पानावर यावेत.

ग्रामसभेच्या आधी

भावाला मी हे सगळे वाचून दाखवले. दुप्पट वर्गणीपाशी तो थांबला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आण्णा, पैशाचं बघू. पण मासे परत येतील याची गॅरंटी हाय का?"

नाही. गॅरंटी नाही. बियाणे थोडे उरले आहे, ते उगवेल की नाही हे पावसावर, जमिनीवर आणि आपल्या धीरावर आहे. किसिमी नदीला बावीस वर्षे लागली. मी तितकी वर्षे पाहीन असे नाही. पण माझ्या हाती हिशेबाची वही होती तेव्हा मी एकच बाजू लिहिली, दुसरी कोरी ठेवली. ती आता भरायला घेतली पाहिजे. ग्रामसभेत माझा प्रस्ताव पडला तरी तो मी मांडलेला असेल, आणि २०१६ च्या पावत्यांवर माझी सही आहे तशी याही कागदावर राहील.

मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. वरच्या डोहाशी परवा संध्याकाळी जाऊन आलो. गुडघाभर पाणी आहे. करंजाच्या सावलीत हात घालून पाहिला; बाहेर अंगाची लाही होत होती, पाणी गार होते. बुडाशी कपारीत काहीतरी हलले. मरळ असेल, किंवा नुसता माझ्या नजरेचा भास. नातवाला म्हटले, यंदा पाऊस झाला की पुन्हा येऊ. आणि त्याला आजीचा दमही सांगून ठेवला आहे.